गोळी सुरू केली, आता झोपच आवरत नाही

आजचा विषय डिप्रेशनच्या गोळ्या आणि त्यांनी येणारी सुस्ती. गोळी सुरू होऊन १० दिवस झालेत, मन अजून तसंच जड, आणि वर सकाळच्या स्टँडअपला डोळे मिटतायत. घरी ऐकायला मिळतं, "या गोळ्या म्हणजे नुसती झोप." आपल्यालाही ते पटायला लागतं, आणि इथेच बरेच जण गोळी सोडून देतात.

आधी हे होतं कशामुळे? सर्दीला सेट्रिझिन घेतली की गुंगी येते, बरोबर? मेंदूतलं हिस्टामिन आपल्याला जागं ठेवतं आणि ती गोळी त्यालाच अडवते. मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन हेही तेच करतात, फक्त जास्त जोरात. गंमत म्हणजे मिर्टाझापिनची गुंगी कमी डोसला जास्त जाणवू शकते. त्यामुळे डोस वाढला म्हणजे झोप दुप्पट, असं गणित नाहीये. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिनचं वेगळं. कुणाला सुस्ती येते, तर कुणाची रात्रीची झोप उडते आणि मग दिवसभर डुलक्या. दोन्हीला आपण "थकवा"च म्हणतो, पण उपाय उलटे आहेत. पहिल्याला गोळी रात्री, दुसऱ्याला सकाळी. वेळ बदलायची तर डॉक्टरांना एक फोन करा, बस.

आणि हो, चिठ्ठी नीट वाचा. आपल्याकडे एस्सिटालोप्रॅमसोबत क्लोनाझेपाम बऱ्याचदा एकाच गोळीत असतं. सुस्ती त्याचीही असू शकते. पण तेही मनाने एकदम बंद करायचं नाही, फिट येऊ शकते.

वैताग असा की साइड इफेक्ट पहिल्या आठवड्यात हजर आणि फायदा दिसायला २ ते ६ आठवडे. मी स्वतः एस्सिटालोप्रॅम घेतो. पहिले तीन आठवडे मोबाइलमध्ये रोज एक ओळ लिहायचो: गोळी किती वाजता, झोपलो कधी, दुपारी ५ पैकी किती जीव होता. लॉग नसेल तर डीबग काय करणार? डॉक्टरांनी ते बघून दोन मिनिटांत वेळ बदलून दिली. मॅनेजरला एवढंच म्हणालो, "औषध चालू आहे, सकाळचा पहिला तास जड जातो." कुठलं औषध, ते त्याने विचारलं नाही.

दुपारी २० मिनिटांची डुलकी चालते, दोन तासांची रात्र खराब करते. चहा-कॉफी चारच्या आत. गुंगी असताना बाइक नको, दारू तर नकोच. महिना उलटूनही थकवा तसाच असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२ तपासून घ्या. शाकाहारी मंडळींनो, बी१२ खास तुमच्यासाठी. शिवाय डिप्रेशनही माणसाला थकवतंच, सगळं खापर गोळीवर नको.

नाहीच जमलं तर औषध बदलता येतं. मात्र पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिनसारखी गोळी अचानक सोडली की चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. डोस हळूहळूच उतरवतात, तेही डॉक्टरांना विचारून.

एक मात्र थांबून बघायचं नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांना, खूप बेचैनी झाली किंवा जीव द्यायचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ते भेटत नसतील तर टेली मानस, १४४१६. फुकट आहे, रात्रीही चालू असतं, आणि मराठीत बोलतात.