परंडा आलं!



बार्शीहून एसटीनं येताना कंडक्टरनं हाक दिली, "परंडा आलं, चला!" परंडा कुठून येणार? ते शतकानुशतकं जागच्या जागी बसलं आहे. आलो मी. पण आपल्या भाषेत गाव येतं, स्टँड येतो. घरातून बाहेर पडणारा "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. हाक मारली की स्वयंपाकघरातून जागचं न हलता "आले, आले" असं उत्तर मिळतं. येणं व्हायचंच असतं आणि क्रियापद भूतकाळात पोचलेलं. हे सगळं आपण दिवसभर न अडखळता बोलतो. विचार करू लागलो की अडखळतो. मला त्या अडखळण्याबद्दलच बोलायचं आहे.

या गावात गतीचा विषय काढला की मुलूख मैदान तोफ आठवते. 1549 साली अहमदनगरला ओतलेली, तोंड सिंहाचं, जबड्यात हत्ती, वजन सुमारे 55 टन. ती इथल्या किल्ल्यात होती. 1632 मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवांनी विजापूरला नेली. दहा हत्ती आणि चारशे बैल लागले असं सांगतात. आता इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला ग्रीक झेनो आपल्या वेशीत उभा आहे असं समजा. तो म्हणेल, विजापूर गाठण्याआधी तोफेनं निम्मी वाट गाठली पाहिजे. त्याआधी तिची निम्मी. त्याआधी तिचीही निम्मी. पहिलं म्हणावं असं अंतर उरतच नाही, तेव्हा तोफ हलूच नये. तोफ तर आज विजापूरच्या बुरुजावर आहे.

हिशेबापुरतं उत्तर जुन्या मापांतही सापडेल. अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक अशी निम्म्या-निम्म्यानं भर घालत राहा; माप शेराबाहेर जात नाही, आणि शेराला कमी पडेल असं कुठलंही ठरावीक अंतर शिल्लक राहत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या गणितानं हे पक्क्या पायावर उभं केलं. त्याच्या कितीतरी आधी, 1150 च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त, भास्कराचार्यांनी ग्रहांची 'तात्कालिकी गती', म्हणजे त्या-त्या क्षणाची गती, काढली. चंद्राचा वेग सतत बदलतो, दिवसाची सरासरी तिथीच्या नेमक्या वेळेला पुरत नाही, म्हणून. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख त्यांच्या घराण्याची साक्ष देतो. या माणसाबद्दल मला अपार आदर आहे.

तरीही वर्गात एका मुलीनं मला विचारलं होतं, "सर, उडत्या चेंडूचा फोटो आणि हवेत टांगलेल्या चेंडूचा फोटो सारखाच येतो. मग त्या क्षणी वेग कुठे असतो?" मी फळ्यावर सूत्र मांडलं. तिनं ते उतरवून घेतलं, गणित सोडवलं आणि म्हणाली, "किती, ते कळलं." कुठे, ते राहिलं. वेग काढताना आपण त्या क्षणाच्या अलीकडचा-पलीकडचा थोडा काळ हाताशी धरतो. क्षण एकटा घेतला की मुठीत काही उरत नाही.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनांनी, ज्यांना परंपरा विदर्भाचे मानते, 'मूलमध्यमककारिके'चं दुसरं प्रकरण याच अडचणीला दिलं आहे. चालून झालेल्या वाटेवर चालणं नाही, चालायच्या वाटेवरही नाही. ही दोन्ही वगळली तर 'आत्ता चालली जाणारी' वाट वेगळी सापडत नाही. आर्यभटांनी 499 मध्ये पृथ्वीच्या फिरण्यासाठी नावेचा दाखला दिला. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायातही नावेतल्या माणसाला काठावरची झाडं पळताना दिसतात. कोण हलतंय, हा प्रश्न त्यांनी हाताळला. नागार्जुन त्याच्याही मागे जातात: हलणं म्हणजे काय?

मला वाटतं, आपली बुद्धी वस्तूला थांबवूनच पाहते, आणि गती थांबवली की ती गती राहत नाही. ही मर्यादा आहे आणि ती मुलांपासून लपवू नये. आपण सूत्र देतो आणि प्रश्न मिटला असं सांगतो. मीही अनेक वर्षं तेच केलं, याचं मला वाईट वाटतं.

या मंचावरून माझं एकच मागणं आहे. नागार्जुनांचं ते प्रकरण, झेनोचं कोडं आणि भास्कराचार्यांची तात्कालिकी गती एकत्र आणणारं छोटं पुस्तक मराठीत हवं. इथला दहावीचा मुलगा वाचू शकेल असं, तोफेपासून सुरू होणारं. कोणी लिहायला बसणार असेल तर कच्चा खर्डा वाचायला मी तयार आहे. त्या मुलीचा प्रश्न मात्र त्यात तिच्याच शब्दांत यावा, उत्तर न जोडता.