घाटांतील मोटार आणि उष्णतेचा कांटा

चाळीसगांव सोडून कन्नडच्या वाटेला लागलें, कीं थोड्याच वेळांत अजिंठ्याच्या डोंगराची रांग समोर उभी राहते आणि औट्रम घाटाची चढण सुरू होते. कन्नड घाट या नांवानेंहि तो ओळखला जातो. आजच्या नव्या मोटारींना या चढाचें विशेष कांहीं वाटत नाहीं. परंतु ज्यांच्या घरीं फियाट, ॲम्बॅसडर किंवा त्याहूनहि जुनी एखादी विलायती गाडी वडिलांची आठवण म्हणून सांभाळलेली आहे, त्यांची नजर या घाटांत रस्त्याइतकीच समोरच्या एका लहानशा कांट्यावर खिळलेली असते. वैशाखांत खानदेशचा पारा ४३-४४ अंशांवर जातो, गाडी दुसऱ्या गिअरमध्यें कण्हत असते, आणि कांटा तांबड्या रेघेकडे सरकूं लागतो. अशा वेळीं एकच प्रश्न महत्त्वाचा असतो. इंजिन खरोखरच तापलें आहे, कीं कांटा खोटें बोलत आहे?

श्रोतेहो, या प्रश्नाचें उत्तर चुकलें तर किंमत जबर पडते. फियाट ११०० आणि तिचीच पुढची आवृत्ति जी पद्मिनी, या गाड्यांचें हेड ॲल्युमिनियमचें, तर ब्लॉक बिडाचा. दोन्ही धातू उष्णतेनें सारख्या प्रमाणांत फुगत नाहींत. पाणी संपलेलें असतां इंजिन थोडा वेळ चाललें, तरी हेड वांकडें होण्याची व गॅस्केट जाण्याची भीति असते. पद्मिनीचें उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबलें, ॲम्बॅसडरचें २०१४ सालीं. सुटे भाग आतां शोधून आणावे लागतात.

कांट्याची साक्ष तपासावयाची, तर तो पाहतो काय हें आधीं समजून घेतलें पाहिजे. अगदीं जुन्या गाड्यांत एक केसासारखी बारीक धातूची नळी इंजिनापासून मीटरपर्यंत आलेली असते. तिच्या टोकाच्या भांड्यांत ईथरसारखा चटकन वाफ होणारा द्रव असतो. पाणी तापलें कीं वाफेचा दाब वाढतो आणि कांटा वर ढकलला जातो. ही नळी कोठें चिरली, कीं दाब निघून जातो व कांटा खालीं पडतो, तो पुन्हां उठत नाहीं.

नंतरच्या गाड्यांत हें काम विजेनें होतें. इंजिनाच्या पाण्यांत बसविलेल्या युनिटमध्यें एक लहानशी वडी असते. ती जसजशी तापते तसतसा तिचा विजेला होणारा विरोध कमी होतो आणि मीटरकडे अधिक वीज वाहते. म्हणजे कांटा वस्तुतः विजेचा प्रवाह दाखवीत असतो. त्या तारेचें वेष्टण झिजून ती गाडीच्या पत्र्याला टेकली, तर थंड इंजिनावरहि कांटा तांबड्या रेघेपलीकडे जाईल. तार सुटली, तर पाणी उकळत असतांहि तो स्वस्थ पडून राहील.

परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद व थंड असतां किल्ली फिरवावी आणि युनिटवरची तार काढावी. कांटा तळाशीं गेला पाहिजे. तीच तार क्षणभर, केवळ क्षणभरच, इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावावी. कांटा वर धांवला पाहिजे. दोन्ही गोष्टी घडल्या तर मीटर व तार निर्दोष, संशय युनिटवर. पेट्रोलचा कांटाहि त्याच वेळीं भलताच वर दिसत असेल, तर मात्र दोघांना मिळणाऱ्या विजेचा दाब स्थिर ठेवणारी मागची लहान डबी पाहावी. पुष्कळदां तिचें अर्थिंग सैल झालेलें असतें. आणखी एक अलीकडचें दुखणें म्हणजे युनिटच्या आट्यांवर गुंडाळलेली टेफ्लॉनची पट्टी. पाणी गळूं नये हा हेतु चांगलाच, पण त्यामुळें अर्थिंग तुटतें आणि कांटा नेहमींच कमी दाखवितो.

हातीं कोणतेंहि उपकरण नसतांना एक कसोटी घाटांत उपयोगी पडते. इंजिनांत मणभराहून अधिक लोखंड आणि कित्येक लिटर पाणी असतें. त्याची उष्णता डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच बदलूं शकत नाहीं. कांटा एकदम उडी मारून वर गेला, किंवा खड्ड्यांतून जातांना थरथरला, तर दोष बहुधा विजेचा. चढावर हळूहळू चढला आणि सपाटीवर हळूहळू उतरला, तर कांटा खरें बोलत आहे. मग फॅन बेल्ट सैल आहे काय, रेडिएटरच्या जाळींत धूळ आणि कापसाचे तंतू अडकले आहेत काय, विहिरीच्या जड पाण्याचे क्षार आंत साचले आहेत काय, हें पाहावें. उन्हाळ्यासाठीं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जुनी चाल मात्र फारशी शहाणपणाची नव्हे. सुमारें ८० अंशांना उघडणारी ती झडप चांगली असेल, तर घाटांत ती आड येत नाहीं.

चाळीसगांवजवळच्या पाटण येथें भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणींत यंत्राध्याय म्हणून एक प्रकरण आहे. त्यांत नाना यंत्रें वर्णिलीं आहेत, पण अधिक थोरवी दिली आहे ती धीयंत्राला, म्हणजे बुद्धीच्या यंत्राला. तें आकाशाच्या वेधासाठीं होतें. परंतु त्याच मुलखांतील घाटांत मोटार हांकणाऱ्यालाहि त्याची गरज पडते, आणि ती विशेषतः कांटा खालीं येतो तेव्हां.

कारण वर चढणारा कांटा निदान सावध तरी करतो. घातक तो चढतां चढतां अचानक खालीं येणारा. पाणी गळून पातळी युनिटच्या खालीं गेली, कीं युनिट वाफेंत किंवा हवेंत उघडें पडतें आणि कमी उष्णता दाखवूं लागतें. चालकाला वाटतें, गाडी निवली. वस्तुतः तिचें पाणी संपत आलेलें असतें. चढ चालू, जोर तोच, आणि कांटा मात्र पडला, त्यांतच गरम रंगाचा वास आला किंवा इंजिन ठोके देऊं लागलें, तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागीं तत्काळ थांबावें व इंजिन बंद करावें.

एरव्हीं माथ्यावर पोंचल्यावर मिनिट-दोन मिनिटें इंजिन मंद चालूं द्यावें. तें लगेच बंद केलें तर पाण्याचें फिरणें थांबतें, हेडची उष्णता पाण्यांत उतरते आणि कांटा उलट वर जातो. हा बिघाड नव्हे. रेडिएटरचें झांकण मात्र उघडूं नये. साध्या भांड्यांतील पाणी चाळीसगांवीं ९९ अंशांच्या आसपास उकळतें, माथ्यावर आणखी एखादा अंश आधीं. पण सात पौंड दाबाच्या झांकणाखालीं तें ११० अंशांपर्यंत न उकळतां राहूं शकतें आणि झांकण सैल होतांच एकदम उसळून अंगावर येतें. किमान अर्धा तास थांबावें, वरची रबरी नळी हातानें सहज धरतां येते कीं नाहीं हें पाहावें, जाड फडकें घेऊन झांकण आधीं थोडेंसेंच फिरवावें, आणि बरोबर आणलेलें पाणी थोडें थोडें करून ओतावें.