न खेळणाऱ्या घरातला खेळाडू



गाणाऱ्यांच्या घरात मुलाने तंबोरा जुळविला तर कोणास नवल वाटत नाही. परंतु जे घर कधी खेळलेच नाही, त्या घरात एखादे खेळवेडे मूल जन्मास आले म्हणजे दोन्ही पक्षांची मोठी पंचाईत होते. पूर्वी अशा मुलाच्या हाती सोंगट्या असत, आज मोबाइल असतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या तळोद्यासारख्या गावाचे उदाहरण घ्या. शेती, दुकान, नोकरी यांत दिवस वेचणारी माणसे. खेळ म्हणजे रिकामपणाचा उद्योग, अशी त्यांची धारणा. ती निष्कारण नव्हे. खानदेशात आखाजीला माहेरवाशिणी झोके घेतात, गाणी म्हणतात. त्याच सणाला पुरुषमंडळींचे पत्त्यांचे डाव रंगतात आणि त्यांत पैसा लावण्याची चालही जुनी आहे. द्यूतात राज्य घालविणाऱ्या धर्मराजाची कथा तर घरोघर ठाऊक. तेव्हा 'खेळ' म्हणताच वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जुगार उभा राहिला, तर त्यांना दोष देता येत नाही.

मात्र भेद करावयास हवा. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने तो केला आहे. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध ठरविले. ई-स्पोर्ट्स, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धात्मक खेळांस, मान्यता दिली.

घरातील कलह पुष्कळदा याहून साध्या अज्ञानातून उद्भवतो. आई हाक मारते, "ताट वाढलंय, ऊठ." मुलगा म्हणतो, "पाचच मिनिटं." आईस तो उद्धटपणा वाटतो. वस्तुतः बीजीएमआयसारख्या खेळात शंभरापर्यंत खेळाडू एकाच वेळी उतरतात, चौघाचौघांचे संघ होतात आणि डाव सुमारे अर्धा तास चालतो. तो मध्येच थांबवून ठेवता येत नाही. मुलगा उठला की उरलेल्या तिघांचा संघ लंगडा पडतो. उलटपक्षी, जेवणाची वेळ मुलासही ठाऊक असते. डाव मांडण्यापूर्वी त्याने घड्याळ पाहणे हेही तितकेच न्याय्य.

त्याहून मोठे दुःख एकटेपणाचे. परीक्षेत गुण मिळाले तर पेढे वाटले जातात. डाव जिंकल्याचा आनंद सांगावा कोणास? घरात ती भाषाच कोणास येत नाही. मग मूल सांगणेच सोडून देते. आणि सांगणे सुटले म्हणजे खेळात पैसे मागणारा वा सलगी करणारा कोणी परका भेटला, तरी तेही घरास कळत नाही. खरा धोका येथे आहे.

नागपूरच्या दिव्या देशमुखचे आईवडील दोघेही डॉक्टर. थोरली बहीण बॅडमिंटनकडे गेली, धाकटी पाचव्या वर्षी बुद्धिबळाच्या पटाकडे वळली. 28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीस हरवून तिने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला व ती ग्रँडमास्टर झाली. जिंकताच ती आईच्या गळ्यात पडून रडली. प्रत्येक खेळणारे मूल विश्वविजेते होणार नाही, व्हावयाचे कारणही नाही. परंतु जिंकल्यावर आणि हरल्यावर जवळ जावे असे कोणीतरी प्रत्येकास हवे असते.

अतिरेकाची भीती अनाठायी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये खेळाच्या विकारास रोगांच्या सूचीत स्थान दिले. तथापि ताबा सुटणे, इतर व्यवहार मागे पडणे, नुकसान दिसत असूनही खेळ न थांबणे, ही लक्षणे त्यासाठी सामान्यतः वर्षभर दिसावी लागतात. पाच मिनिटांचा उशीर हा रोग नव्हे.

वडिलांनी स्वतः खेळावयास शिकलेच पाहिजे असे नाही. एखाद्या संध्याकाळी शेजारी बसून, हा गडी कोण, तो काय करतो, हरल्यास काय होते, एवढे विचारले तरी पुरे. ज्या घरात हे प्रश्न विचारले जातात, त्या घरात 'आता पुरे' हा शब्दही मूल ऐकते.