मी कानांनी वाचते

(वालावल, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग येथे वाचनप्रेमींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘मला प्रेरणा देणारी ऑडिओबुकं’. यातल्या ‘प्रेरणा’ या शब्दाशी माझं थोडं भांडण आहे. तिथूनच सुरुवात करते.

अंध माणसाला पुस्तक द्यायचं म्हटलं की लोक काढा पाजल्यासारखी प्रेरणा पाजतात. कुणी अपघातातून उठून डोंगर चढला, कुणी हात नसताना चित्रं काढली. चांगली पुस्तकं आहेत, मी ऐकलीही आहेत. पण रहस्यकथा, प्रेमकथा, राजकारण, स्वयंपाक, धर्मचिकित्सा ही पुस्तकं मला आपणहून कुणी आणून दिली नाहीत. जणू डोळे गेले की माणसाला एकच भूक उरते, धीराची.

आता एक इतिहास ऐका. पहिल्या महायुद्धात अनेक ब्रिटिश सैनिकांची दृष्टी गेली. मोठ्या वयात ब्रेल शिकणं त्यांना जड जात होतं. त्यांच्यासारख्यांसाठी १९३५ साली ब्रिटनमध्ये ‘बोलकी पुस्तकं’ सुरू झाली. मोठ्या तबकड्या, एका बाजूला साधारण २५ मिनिटांचं वाचन. त्या पहिल्या पुस्तकांत काय होतं? अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ आणि जोसेफ कॉनरॅडची ‘टायफून’. म्हणजे एक खुनाची गोष्ट आणि एक समुद्रातल्या वादळाची. तेव्हा बोलक्या पुस्तकाची सुरुवात उपदेशानं झालेली नाही, हे मला फार आवडतं.

माझी नजर एकदम गेली नाही. आधी रातांधळेपणा आला, मग बाजूचं दिसेनासं झालं, आणि दहावीच्या सुमाराला फळ्यावरची अक्षरं गेली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, रेटिनायटिस पिग्मेंटोसा. ब्रेल मी उशिरा शिकले, बोटांना वेग आला नाही. शिवाय एका साध्या कादंबरीचे ब्रेलमध्ये चार-पाच जाडजूड खंड होतात. ते आणायचे कुठून, ठेवायचे कुठे?

मग घरचे वाचून दाखवायचे. मायेनं वाचायचे, त्याबद्दल मी कायम ऋणी आहे. पण दुसरा वाचतो तेव्हा काय वाचायचं हे तो ठरवतो. तो कंटाळला की पुस्तक संपतं. त्याला लाज वाटली की पान उलटतं. ‘पुढचं तुझ्या कामाचं नाही’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! अंध म्हणून एकदा आणि मुलगी म्हणून एकदा, अशा दोन चाळण्यांतून जे खाली पडेल तेवढंच माझं वाचन.

फोनमधला स्क्रीन रीडर आणि श्राव्य पुस्तकं आली तेव्हा मला सगळ्यात मोठं काय मिळालं असेल, तर मधली ही चाळणी गेली. आता मी थांबते, मागे जाते, तेच वाक्य चार वेळा ऐकते. रात्री दोन वाजता ऐकते. नावडलं तर बंद करते. शेजारच्या काकी विचारतात, “आयकान कधी वाचूक येता काय गो?” काकी, तुम्ही दशावतार रात्रभर बसून बघता, त्याची संहिता कुठे लिहिलेली असते? पात्रं उभ्या उभ्या संवाद रचतात आणि तुम्हाला ते वर्षानुवर्षं पाठ राहतात. ऐकणं ही कमी प्रतीची गोष्ट आहे असं कोकणातल्या माणसानं तरी म्हणू नये. फरक एवढाच, की दशावतारातल्या राजाला ‘थांब, मघाचं परत बोल’ असं मला सांगता येत नाही. पुस्तकाला सांगता येतं.

आता ज्या पुस्तकांनी मला हलवलं त्यांच्याबद्दल.

पहिली गोष्ट कुरआन शरीफची. लहानपणी उस्तानीकडून ऐकून ऐकून मी अनेक सूरह पाठ केल्या. माझं पाठांतर चांगलं म्हणून कौतुकही व्हायचं. त्यात ८० वी सूरह ‘अबस’ होती, ४२ आयतींची. पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या फोननं मला मराठी अनुवाद वाचून दाखवला, सोबत टीपाही वाचल्या. तेव्हा कळलं की या सूरहची सुरुवात एका अंध माणसाबद्दल आहे. पैगंबर साहेब, सल्लल्लाहु अलैहि व सल्लम, मक्केतल्या बड्या सरदारांशी बोलत होते. तेवढ्यात अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम हे अंध गृहस्थ ‘मला शिकवा’ म्हणत आले. बोलण्यात खंड पडला, कपाळाला आठी पडली. त्यावर ही सूरह उतरली आणि तिनं त्या अंध माणसाची बाजू घेतली, असं मुफस्सिर सांगतात. हेच इब्न उम्मे मक्तूम पुढे मदीनेत हजरत बिलाल यांच्यासारखेच अजान देत असत.

विचार करा. ४२ आयती माझ्या तोंडात होत्या, आणि त्या माझ्यासारख्या माणसाबद्दल आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उस्तानीचा दोष नाही, तिलाही कुणी अर्थ शिकवला नव्हता. त्या दिवशी मी फोन बाजूला ठेवला आणि बराच वेळ गप्प बसले. एक गोष्ट मनात पक्की बसली. तो माणूस भीक मागायला आला नव्हता, डोळे बरे करा म्हणायलाही आला नव्हता. तो ज्ञान मागायला आला होता.

दुसरं पुस्तक इजिप्तच्या ताहा हुसेन यांचं, ‘अल-अय्याम’, म्हणजे ‘ते दिवस’. ताहा हुसेन यांचा जन्म १८८९ चा, खेड्यातला. लहानपणीच डोळे आले, गावातल्या न्हाव्यानं उपचार केले आणि नजर गेली. हा मुलगा पुढे पॅरिसला जाऊन डॉक्टरेट मिळवतो आणि १९५० साली देशाचा शिक्षणमंत्री होतो. शिक्षण हे हवा-पाण्यासारखं सगळ्यांना मिळालं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं आणि माध्यमिक शिक्षण त्यांनी मोफत केलं. ‘प्रेरणा’ शोधणारे इथे टाळ्या वाजवतात. मी मात्र अडकले ती एका जेवणाच्या प्रसंगात. इंग्रजी अनुवाद फोनचा वेग कमी करून, भाचीला शब्द विचारत विचारत ऐकत होते. लहानगा ताहा घरच्यांबरोबर जेवायला बसलाय. एकदा तो दोन्ही हातांनी घास उचलतो. भाऊ हसतात, आई रडते, वडील हळू आवाजात, दुःखानं त्याला समजावतात. त्या दिवसापासून तो मुलगा सांडण्याची भीती असलेले पदार्थच सोडून देतो आणि एकटा जेवू लागतो. वयाची पंचविशी उलटेपर्यंत रस्सा, भात, चमच्यानं खायचं काहीही त्यानं घेतलं नाही.

आमच्याकडे लग्नघरात माझं ताट आतल्या खोलीत आणून देतात. “तू कशाला गर्दीत, हय आरामात जेव.” मायेनंच देतात. ताहा हुसेन ऐकल्यावर मला त्या आरामाची किंमत कळली. आता मी दस्तरखानावर सगळ्यांबरोबर बसते. रस्सा सांडला तर सांडला. डोंगर चढण्याची शंभर पुस्तकं मला जे देऊ शकली नाहीत ते या एका पानानं दिलं.

तिसरं, हेलन केलर यांचं ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’, १९०३ चं. सगळ्यांना त्यातला पाण्याच्या पंपाचा प्रसंग माहीत असतो. हातावर पाणी पडतं, दुसऱ्या हातावर बाई शब्द लिहितात आणि मुलीला भाषा सापडते. शाळेच्या पुस्तकात गोष्ट तिथेच संपते. सबंध पुस्तक ऐकलं तर पुढे एक कडू प्रकरण येतं. अकरा वर्षांच्या हेलननं एक गोष्ट लिहिली. ती दुसऱ्या एका लेखिकेच्या गोष्टीसारखी निघाली, कारण कधीतरी कुणीतरी ती गोष्ट हेलनला हातावर लिहून सांगितली होती आणि ती विसरून गेली होती. या मुलीला चौकशी समितीसमोर बसवलं, तिच्या बाईंना खोलीबाहेर ठेवून. त्यानंतर कितीतरी काळ, आपण लिहितोय ते आपलंच आहे ना, ही भीती तिला छळत राहिली.

ज्याचं सगळं ज्ञान दुसऱ्यांच्या हातून येतं त्याच्यावर हा संशय नेहमी घेतला जातो. मी कुठे मत मांडलं की लोक म्हणतात, “हे तुला कुणी सांगितलं?” डोळसाला असं कुणी विचारत नाही, त्याचंही सगळं कुणाच्या ना कुणाच्या पुस्तकातूनच आलेलं असतं. हेलन केलर मोठ्या झाल्यावर समाजवादी झाल्या, स्त्रियांच्या मताधिकारासाठी बोलल्या, १९२० साली अमेरिकेत नागरी स्वातंत्र्यासाठी स्थापन झालेल्या संघटनेच्या संस्थापकांत होत्या, १९५५ साली भारतातही येऊन गेल्या. आपण मात्र त्यांना कायमचं त्या पंपाशी उभं करून ठेवलंय.

चौथं पुस्तक अंध माणसाचं नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. हे पुस्तक कानांनीच वाचावं, असं माझं मत आहे. बाई समोर बसून, भाजी निवडत बोलतायत असं वाटतं. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला. त्यानंतर बाई कितीतरी काळ आपलं सोवळं सांभाळून राहिल्या. मग विचार करत करत जात त्यांच्या मनातून उतरली. कुणी हुकूम केला म्हणून नव्हे, त्यांचा त्यांनी निवाडा केला म्हणून. सुधारणा म्हणजे काय हे मला भाषणांपेक्षा या हसऱ्या बाईंनी जास्त शिकवलं. माणूस बदलतो तो स्वतः विचार करायला मोकळा असला तर.

आणि पाचवं, हमीद दलवाईंची ‘इंधन’, १९६५ ची कादंबरी. बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेल्या मुसलमान माणसाची गोष्ट. दलवाई आपल्या चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. मला हवं होतं तेव्हा तिचं तयार श्राव्य पुस्तक सापडलं नाही. मग माझ्या भाचीनं ती फोनवर वाचून ध्वनिमुद्रित केली. रोज रात्री पंखा बंद करून एक प्रकरण. मी एकच अट घातली होती, एकही ओळ गाळायची नाही. काही ठिकाणी तिचा आवाज अडखळलेला ऐकू येतो, पण तिनं वाचलं. गावातलं राजकारण, वासना, दंगा, सगळं. आमच्याच मातीतलं, आमच्याच नावांचं पुस्तक पहिल्यांदा मी पुरतं वाचलं. त्यातलं सगळं मला पटलं नाही, त्यावर भाचीशी वादही घातला. पण न वाचता नाकारणं आणि वाचून वाद घालणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता तुम्हाला वाटेल, असं ध्वनिमुद्रण करणं कायद्यात बसतं का? बसतं. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. कलम ५२ नुसार, अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तक श्राव्य किंवा इतर सुलभ रूपात करायला लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. अट अशी, की त्यातून नफा कमवायचा नाही. ते सगळ्यांसाठी यूट्यूबवरही टाकू नका. ही सवलत ज्यांना छापील पान वाचता येत नाही त्यांच्यासाठी आहे. जगभर हाच हक्क मिळावा म्हणून २०१३ साली मराकेश करार झाला, आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. हे आपल्याला अभिमानानं सांगता येतं. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे. साने गुरुजी, लक्ष्मीबाई यांच्यासारख्या लेखकांची पुस्तकं तर मुदत संपल्यामुळे सगळ्यांनाच खुली आहेत. ‘श्यामची आई’ मुळातच रात्री-रात्रींनी सांगितलेली गोष्ट आहे. ती वाचायला वालावलीत दहा आवाज मिळणार नाहीत काय?

म्हणून माझं मागणं तीन गोष्टींचं. एक, फोनवर पुस्तक वाचून द्या. प्रकरणाचं नाव आणि पानाचा आकडा सांगा, टीपा वाचा, नाटकी आवाज काढू नका. दोन, गाळू नका. शिवी असेल तर शिवी वाचा, धर्मावर टीका असेल तर टीका वाचा, ज्या मताचा तुम्हाला राग येतो तेही वाचा. निवाडा माझ्यावर सोडा. तीन, तुमच्या वाडीत, मोहल्ल्यात कुणी अंध मुलगी घरात बसून असेल तर तिला फोनचा स्क्रीन रीडर लावून द्या, वापरायला शिकवा. आणि तिला कुठलं पुस्तक हवंय ते तिलाच विचारा. ती खुनाची गोष्ट मागेल. द्या.

इब्न उम्मे मक्तूम शिकायला आले होते. आम्हीही त्यासाठीच दारात उभे आहोत.

तुमचे प्रश्न ऐकायला आवडतील.