पार्टीने आणलेला नमुना

1966 साली स्थापन झालेल्या भारतीय पॅकेजिंग संस्थेचे मुख्यालय याच अंधेरीत, तेव्हा या विषयाची परिषद उपनगरात भरली हे रीतसरच झाले. अध्यक्षाने ‘मी, मी’ करू नये असा संकेत आहे. म्हणून पुढे एक केमिस्ट येईल. तो कोण, हे श्रोत्यांनी समजून घ्यावे. वर्षभराचा आढावा छापून वाटला आहे, तो घरी वाचावा.

सकाळच्या सत्रात वाद रंगला तो धातूंच्या यादीवरून. 2018 च्या भारतीय अन्न-पॅकेजिंग विनियमांच्या तक्त्यात प्लॅस्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या बेरियमला किलोमागे 1 मिलिग्रॅम, कोबाल्टला 0.05, अँटिमनीला 0.04 अशा मर्यादा घातल्या. जस्त, तांबे, लोखंडही आले. शिसे आणि कॅडमियम त्या तक्त्यात नव्हते. युरोपने 2020 मध्ये प्लॅस्टिकच्या आपल्या यादीत ते घातले. एक गट म्हणतो, यादी वाढवा. दुसरा म्हणतो, आधी यंत्रे आणा. दोन्ही गटांनी मरोळच्या एका गाळ्यातली हकिगत ऐकावी.

तिथल्या खासगी लॅबमध्ये हा केमिस्ट वर्षानुवर्षे पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, आणलेले पॅकेजिंगचे तुकडे तपासत असे. कोरे, चकचकीत, सीलबंद पिशवीतले तुकडे. तीन टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये बुडवायचे, 40 अंशांवर दहा दिवस ठेवायचे, द्रावण यंत्रावर घ्यायचे. रिपोर्ट बहुतेक वेळा ‘आढळले नाही’ असाच जाई.

एकदा घाटकोपर स्टेशनबाहेर भेळ खाताना त्याचे लक्ष डिशकडे गेले. पांढऱ्या, प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या आतल्या बाजूवर पिवळी, उलटी अक्षरे फिकट उमटलेली. डिश एकात एक रचलेल्या; वरच्या डिशच्या तळाची शाई खालचीच्या पोटात उतरलेली. त्यावर चिंचेची चटणी, म्हणजे धातू ओढून काढायला आयते आम्ल! त्याने भेळवाल्याकडून अख्खी चळत विकत घेतली.

दुसऱ्या दिवशी 70 अंशांवर दोन तास. रंग ॲसिडमध्ये उतरला, यंत्राने शिसे दाखवले. लॅबचे मालक केबिनमधून बाहेर आले. “पार्टी कोण? बिल कोणाच्या नावावर फाडू?” पार्टी नव्हती, म्हणून जॉब नंबर नव्हता, नंबर नाही म्हणून रिपोर्ट नाही. आकडा वहीत राहिला.

शिसे यादीत असते, तरी पार्टीने कोरा तुकडाच आणला असता. यंत्र महागडे असते, तरी त्याच कोऱ्या तुकड्याचा आणखी चार दशांश स्थळांपर्यंत अचूक आकडा मिळाला असता.

13 ऑगस्ट 2015 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मॅगीवरची बंदी रद्द करताना प्रयोगशाळांच्या मान्यतेवर बोट ठेवले. तेव्हापासून आपण सारे ही मान्यता देणाऱ्या ‘एनएबीएल’चा जप करतो. जप चांगलाच आहे. पण मान्यता चाचणीची होते. पिशवीत काय घालून आणले, याची होत नाही. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात ‘नमुना जसा मिळाला तसा तपासला’ असे लिहून आपण हात झटकतो. पॅकेजिंगच्या अनुरूपतेचे प्रमाणपत्र घ्यायचे खाद्य व्यावसायिकाने, नमुना पाठवायचा त्याने, फी भरायची त्यानेच. ज्या वेष्टनाला पार्टीच नाही, ते तपासायला येतच नाही. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका, असे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्येच बजावले होते. बोरिवलीच्या गाडीवर वडा आजही जाहिरातीच्या पानातच मिळतो, आणि ते पान आपल्या लॅबमध्ये कोण आणून देणार?

नमुना बाजारातून उचलावा, विकत घेऊन, पावतीसकट. मुलुंड ते अंधेरी प्रत्येक स्टेशनबाहेरून महिन्याला काही नग, असे काहीसे मनात आहे. खर्चाचे पाहू. या कामासाठीच्या समितीची नावे जेवणानंतर ठरवू. तरुणांनी पुढे यावे.

त्या चळतीतली एक डिश सोबत आणली आहे. पहिल्या रांगेपासून फिरवा, उजेडात तिरकी धरलीत तर अक्षरे दिसतील. शेवटी व्यासपीठाकडे परत द्या. बाकीच्या सगळ्या ॲसिडमध्ये गेल्या.