स्थलांतर आणि घरातली बोली



घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून गायमुखापर्यंत आज उंच इमारती उभ्या आहेत. तेथे राहावयास आलेल्या आपल्या पुष्कळ कुटुंबांचे मूळ गाव दापोली, खेड, म्हसळा, श्रीवर्धन अशा तालुक्यांतले. कर्ता पुरुष कुवेत किंवा दोह्यास, मुलेबाळे ठाण्यात, आणि वडीलधाऱ्यांचा एक पाय अजून गावात.

घर चांगले मिळाले, शाळा जवळ आली, मग आजी उदास का? ओबर्ग या मानवशास्त्रज्ञाने 1960 च्या एका लेखात याचे कारण सांगितले आहे. रोजच्या वागण्यातील ओळखीच्या खुणा एकाएकी नाहीशा झाल्या की माणूस बावरतो. गावात ओटीवर बसले की कोण कुठे निघाले ते दिसते, मासळीवाली नावाने हाक मारते. येथे दार बंद, खाली वॉचमन, आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या बाईशी कोणत्या भाषेत बोलावे हेच कळत नाही. आजी म्हणते, "मला इथे करमत नाही," आणि आपण तिला टीव्ही लावून देतो!

मुले मात्र लवकर रुळतात. बँकेत, दवाखान्यात मोठ्यांच्या वतीने तीच बोलतात. सोय होते खरी, पण ज्याला बोलता येते तोच घरात शहाणा ठरतो, आणि दहा वर्षांचे पोर आजीच्या बोलण्याला हसू लागते. वर्गात मी मातृभाषा विचारतो तेव्हा मुले एकमेकांकडे बघतात. घरात कोकणी, अर्जावर उर्दू, शाळेत इंग्रजी, खाली खेळताना हिंदी. उर्दू आपली आहे, मराठीही आपली आहे. म्हणून कोकणी गावंढळ कशी ठरते?

"घरी कोकणी बोललास तर इंग्रजी बिघडेल," ही पालकांची भीती मी नेहमी ऐकतो. माँट्रियल येथे पील आणि लॅम्बर्ट यांनी दहा वर्षांच्या मुलांची पाहणी 1962 मध्ये प्रसिद्ध केली. दोन भाषा उत्तम येणारी मुले बुद्धिमापनात मागे नव्हती, उलट पुढेच होती. मुलांच्या निवडीवर पुढे आक्षेप घेतले गेले. पण दोन भाषांनी मूल मंद होते, हा जुना समज त्यानंतर टिकला नाही.

बोली कशी जाते ते पाहायचे तर केपटाऊनकडे पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी-कुलाब्याकडील कोकणी मुसलमान तेथे गेले. 1913 च्या कायद्याने नव्या माणसांचे येणे जवळजवळ थांबले. गावाशी नाते राहिले, खाणेपिणे राहिले. पण नातवंडे-पतवंडे इंग्रजी बोलू लागली आणि कोकणी म्हाताऱ्यांपुरती उरली. कोणी बंदी घातली नव्हती. घरात विचारणारे कोणी राहिले नाही, एवढेच.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, येत्या सुट्टीत आजीजवळ बसा. माशांची, भाताच्या जातींची, भांड्यांची, नात्यांची नावे तिच्या तोंडून जशी येतील तशी वहीत उतरवा. देवनागरीत लिहा की उर्दूत, ते तुमचे तुम्ही ठरवा. मोबाईलवर तिचा आवाजही घ्या. वह्या शाळा उघडल्यावर मला दाखवा. मी त्या वाचणार आहे.