आपल्या ऑफिसला साधा कॉम्प्युटर पुरेल का?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत कोषाध्यक्ष ताईंनी केलेलं बोलणं)

मागच्या सभेत कॉम्प्युटरचा विषय निघाला तेव्हा दोन आवाज आले. एक ताई म्हणाल्या, "एवढ्या पैशात तं शेळ्या येतील." दुसऱ्या म्हणाल्या, "घ्यायचाच तर भारी घ्या, स्वस्तातलं टिकत नाही." दोघींचं बोलणं डोक्यात ठेवून मी महिनाभर चिखली, मेहकरच्या दुकानांत फिरले. माझा भाचा खामगावला दुरुस्तीचं काम करतो, त्यालाही विचारलं. कळलं ते सांगते.

आधी, घ्यायचा कशाला? लोकओएसच्या नोंदी मोबाईलवर होतातच की. होतात. पण कर्जाचे प्रस्ताव, ठरावाची पत्रं, ऑडिटचे तक्ते आपण तालुक्याच्या गावी एका दुकानातून करून आणतो. मागच्या वर्षी एका ग्रामसंघाचा प्रस्ताव तिथं टाईप केला, बँकेने दोन दुरुस्त्या सांगितल्या, आणि परत गेले तर फाईल सापडेना. पुन्हा सगळं टायपिंग, पुन्हा पैसे. पेरणी तोंडावर आली तरी कर्ज हातात नाही. मला जास्त टोचलं ते वेगळंच. फाईल शोधताना त्या मशीनवर भलत्याच गावच्या बायांच्या याद्या दिसल्या, आधार नंबर आणि खाते नंबरासकट. म्हणजे आपल्याही याद्या कुणाला तरी दिसत असणार.

तर आता मशीन. दुकानदार पहिलं नाव घेतो प्रोसेसरचं. एकाने तर गेम खेळायला लागतं तसलं ग्राफिक्स कार्डवालं मशीन सुचवलं, किंमत जवळपास दुप्पट. आपलं काम किती, ते मी वहीवर मांडून पाहिलं. समजा २०० गट, गटात १० बाया, दर महिन्याला प्रत्येकीची एक नोंद. वर्षाच्या २४,००० ओळी झाल्या. एक्सेलच्या एका शीटमध्ये १० लाख ४८ हजार ५७६ ओळी मावतात. चाळीस वर्षांचा हिशोब एका शीटमध्ये! ठेवायचा नसतो म्हणा, पण मावतो. पत्र टाईप करताना तर मशीनच आपल्या बोटांची वाट बघत बसलेलं असतं. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झालं तेव्हा मुली ज्या मशीनवर शिकल्या, ती आजच्या सगळ्यात साध्या मशीनपुढे फारच दुबळी होती, तरी पत्रं आणि तक्ते त्यावर होतच होते.

मग स्वस्तातलं मशीन रडतं का? भाच्याने दोन कारणं सांगितली. एक रॅम. रॅम म्हणजे आपला ओटा समजा. ओटा लहान असला की एक भांडं खाली ठेवल्याशिवाय दुसरं वर येत नाही. विंडोज ११ लाच कमीत कमी ४ जीबी लागते, त्यावर बँकेची साईट, एक्सेल आणि तालुक्याची व्हिडिओ मीटिंग एकदम उघडली की झालं. म्हणून ८ जीबी घ्यायची. दुसरं कारण जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. तिच्यात चकती फिरते, वाचायला वेळ लागतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, मशीन चटकन उघडतं. २५६ जीबीची पुष्कळ झाली. साधा आय-थ्री, ८ जीबी रॅम आणि एसएसडी, एवढ्यावर आपलं सगळं काम निघतं. पापड-मसाल्याच्या पाकिटाचं लेबलसुद्धा. लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग काढायचं असेल तर नाही पुरणार, पण तो आपला धंदा नाही.

जुनं मशीन घेऊ का, असं कुणी विचारलं होतं. इथे सावध राहा. "आय-फाईव्ह आहे ताई, अर्ध्या किमतीत" असं सांगतात. पण कितव्या पिढीचं, हे विचारा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला कंपनीने थांबवला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या आय-फाईव्हपेक्षा आजचं आय-थ्री जोरात चालतं. बैल जातिवंत असला तरी म्हातारा झालाच ना.

विंडोज "फुकट टाकून देतो" म्हणणाऱ्याला नाही म्हणा. लायसन्स बिलावर लिहून घ्या. एक्सेल, वर्डचे पैसे द्यायचे नसतील तर लिबरऑफिस खरोखर फुकट आहे, त्यात युनिकोड मराठी टाईप होते.

प्रोसेसरवर वाचलेले पैसे कुठे घालायचे, तर यूपीएसवर. लॅपटॉपला बॅटरी असते, डेस्कटॉपला नसते. लाईट गेली की सेव्ह न केलेलं काम गेलं, आणि आपल्याकडे लाईटचं काय चालतं ते तुम्हाला सांगायला नको. ऑफिसवर पत्रे आहेत. घाटाखालच्या उन्हाळ्याइतका नसला तरी आपलाही उन्हाळा मशीनला सोसत नाही. टेबल भिंतीपासून हातभर पुढे, खिडकीच्या उन्हापासून लांब, आणि डब्यातली धूळ वर्षातून दोनदा साफ.

आणि बॅकअप. एसएसडीसुद्धा एखाद्या दिवशी न सांगता बंद पडते. दर मासिक सभेला सगळ्या फाईली दोन पेनड्राईव्हवर घ्यायच्या, पासवर्ड घालून. एक ऑफिसच्या कपाटात, दुसरा अध्यक्ष ताईंच्या घरी. कॉम्प्युटरलाही पासवर्ड, आणि तो कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवायचा नाही. हसू नका, मी पाहिलंय.

तिन्ही कोटेशनं खरेदी समितीकडे दिली आहेत. यूपीएस आणि प्रिंटर धरूनही मधलं कोटेशन त्या भारी मशीनपेक्षा कमी आहे. ठराव पुढच्या सभेत घेऊ. तोवर प्रत्येक ग्रामसंघाने एका बाईचं नाव द्यावं, दहावी पास नसली तरी चालेल. मशीन एकटीच्याच हातात राहिलं तर ती माहेरी गेली की आपण पुन्हा त्याच दुकानात.